युकिवारी पार्कची रिकामी बाजू

८ फेब्रुवारी, शुक्रवार

युकिवारी थांबणार आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बातमी वाचली. सप्टेंबरमध्ये नागाओकाला, म्हणजे आपल्याच गावात, शेवटचा कार्यक्रम आणि मग बँड बंद. कारण दिलेलं नाही. गायचं होतं ते गाऊन झालं, एवढंच त्यांचा गायक ओगिनो म्हणाला म्हणे.

डबा अर्धा तसाच राहिला. नंतर पाइपलाइनच्या नकाशावर एक व्हॉल्व्ह भलत्याच रस्त्यावर काढला. साहेबांनी तो दाखवला तेव्हा कान तापले. पाणीपुरवठा खात्यात आल्यापासून माझ्याकडून अशी चूक झालेली नाही.

संध्याकाळी चिगुसाला फोन केला. उचलला नाही. थोड्या वेळाने तिचा निरोप आला, "वाचलं. रडतेय. माबुचींकडे ये."

माबुची-सानच्या मांसाच्या दुकानावरची खोली म्हणजे आमचं कागदावरचं, जत्रेचं पार्क. सगळे कागद तिथेच असतात आणि सगळ्यांना कोरोक्के म्हणून तळतात त्या बटाट्याच्या वड्यांचा वास येतो. आज आम्ही तिघांनी ते जमिनीवर पसरले. किती साठलेत. शाळेपासूनची मैत्रीण असली तरी चिगुसाचं दुसरं कुठलंच वाक्य मी या एकाइतकं मनावर घेतलेलं नाही. एका कार्यक्रमाहून परतताना ती गाडीत सहज म्हणाली होती, "यांच्या गाण्यांची एखादी जत्रा भरायला हवी. प्रत्येक गाण्याचा एक पाळणा." त्यानंतर आम्ही ते पार्क कागदावर काढायला लागलो, ते थांबलोच नाही. जमीन, रस्ते, नाले माझे. पाळणे आणि त्यांची यंत्रं माबुची-सानची. माणसं चिगुसाची. 'मिठाचा ट्रक' या गाण्याची घसरगाडी, 'छपरावरचा बर्फ'ची घसरगुंडी, आणि त्यात चिगुसाची माणसं ओरडतायत, भांडतायत, बूट हातात घेऊन चालतायत. चाहत्यांच्या मेळ्यात लोक आधी तीच बघतात.

माबुची-सान म्हणाले, "पोरींनो, बँड संपायच्या आत पार्क तरी पूर्ण करू या. नाहीतर आपल्याला काय, सत्तरी येईपर्यंत काढत बसू."

ठरलं. सगळे सुटे कागद सोडून एकच मोठा नकाशा करायचा. शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या भिंतीवर लावायचा. परवानगी मी काढणार.

३ मार्च, रविवार

पश्चिमेची बाजू आखून झाली. काम छान चाललंय. चिगुसा मात्र जागेवरून फार कटकट करते. आजकाल तिला भिंतीकडचीच बाजू हवी असते, मला खिडकीकडे सरकवते. खिडकीतून थंडी येते. मी म्हटलं तर हसून म्हणाली, "नकाशेबाई, तुम्हाला उजेड लागतो ना."

तिला पार्कात एक घर हवंय. लाकडी, ठेंगणं, आत काहीच नाही. अनवाणी जायचं, फळ्यांवर आडवं व्हायचं. खालच्या तळघरात ढोल वाजणार आणि तो फळ्यांतून पाठीला, तळपायांना लागणार. गाण्याचा आवाज नाही.

मी म्हटलं, "बँडच्या पार्कात गाणं ऐकू न येणारी जागा? कशाला?"

"असू दे ना एक."

"तिथून बर्फाच्या पाण्याचा नाला जातो."

"मग नाला जरा सरकव."

"नाला सरकत नाही, चिगुसा. उतार बघ."

माबुची-सान खाली कोरोक्के तळायला गेले होते. ते असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. तिने तरी ते घर पेन्सिलीने कोपऱ्यात काढलंच. पुसायला सोपं, म्हणून मी काही बोलले नाही.

२४ मार्च, रविवार

माबुची-सानने जुनी सीडी लावली. चिगुसा आवाज वाढवत गेली, इतका की खालून माबुची-काकूंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. माबुची-सान म्हणाले, "ठोकणारीच बायको मिळाली, ढोलवादक वेगळा कशाला हवा." मी हसले. चिगुसा जराशाने हसली, आम्ही थांबल्यावर.

मग म्हणाली, "ओगिनोचा आवाज आता लांबून येतो, नाही?"

मी म्हटलं, "सीडी तीच आहे बाई. आवाज कुठे जाणार?"

माबुची-सानने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन उठून सीडी बंद केली. कुणालाच कामाचा उत्साह राहिला नाही. बँड संपणार हे मनातून जात नाही, दुसरं काय.

१४ एप्रिल, रविवार

हे लिहू की नको असं झालंय. पण इथे नाही लिहायचं तर कुठे.

सकाळी नदीकाठी फिरायला गेले होते. बर्फ आता फक्त डोंगरावर राहिलाय. पुलावर पुढे चिगुसा दिसली, तिची मोहरीच्या रंगाची टोपी. मी हाक मारली. ती चालत राहिली. पुन्हा मारली, चांगली मोठ्याने. सायकलवरच्या बाईने वळून पाहिलं, कुत्रा घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याने पाहिलं. चिगुसाने नाही पाहिलं. ती फार तर वीस पावलं पुढे होती.

मी मागे फिरले. तिला माझ्याशी बोलायचं नसेल तर मी काही मागे धावणार नाही. मार्चमध्ये नाल्यावरून बोलले त्याचा राग असेल का? एवढ्याशा गोष्टीचा?

२८ एप्रिल, रविवार

चिगुसा आज स्वतःहून लवकर आली आणि येताना सासादांगो, बांबूच्या पानात बांधलेले तांदळाचे गोड गोळे, घेऊन आली. पुलावरचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

अठरा मेला काशिवाझाकीला युकिवारीचा छोटा कार्यक्रम आहे. दीडशेएक माणसांचं सभागृह, बँड हाताच्या अंतरावर. ती म्हणाली, "जाऊ या. दोघीच. पहिल्यांदा गेलो होतो तशा, गाडीत गाणी म्हणत."

मी नकाशाकडे बोट दाखवलं. पूर्वेची अख्खी बाजू कोरी आहे. दर शनिवार-रविवार धरला तरी जेमतेम होईल.

"एक शनिवार, तोमोए."

"सप्टेंबरला ऐकूच की. तेव्हा तर सगळं गाणार."

"सप्टेंबर लांब आहे."

"चार महिने म्हणजे काय लांब? तुला काम नको असतं तेव्हा तुला असलं काहीतरी सुचतं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग "बरं" म्हणाली आणि एका पाळण्याखाली रांगेतली माणसं काढायला बसली. दिवसभर रांगच काढली. सगळी पाठमोरी.

१८ मे, शनिवार

पूर्वेचे रस्ते झाले. चिगुसा काशिवाझाकीला एकटी गेली. माबुची-सान म्हणाले, "तूही जायला हवं होतंस."

"मग हे कोण करणार?"

"हे कुठे पळून जातंय," ते म्हणाले आणि पुढे काहीतरी बोलणार होते, पण गिऱ्हाईक आलं.

तिचा निरोप आला, "दुसऱ्या रांगेत होते. सगळं ऐकलं."

हे काय सांगणं झालं? ऐकायलाच जातात ना. कुठली गाणी झाली, ओगिनो काय बोलला, काही नाही. मीही फक्त "छान" लिहिलं.

९ जून, रविवार

भांडण झालं.

आधी कळलं की चिगुसाने बालवाडीतली नोकरी सोडली. मला माबुची-काकूंकडून कळलं, भाजी निवडता निवडता. मी वर जाऊन विचारलं तर म्हणाली, "दमायला होतं गं. पोरं सगळी एकदम बोलतात." इतकी वर्षं ती त्याच पोरांच्या गोष्टी सांगून आम्हाला हसवायची. ठीक आहे, दमली असेल. पण मग आता वेळच वेळ आहे ना? तरी ती आठवड्याला एकदा येते आणि निम्मा वेळ खिडकीबाहेर बघते.

मी नकाशावर ओणवी होऊन तिला सांगत होते. पूर्वेच्या चौकात किती माणसं हवीत, कुठे दाटी नको, कारंज्याभोवती पोरं नकोत कारण तिथले पाइप मी फार मेहनतीने दाखवलेत. बराच वेळ बोलले. वर पाहिलं तर ती पेन्सिलीला टोक करत बसलेली.

"कळलं का?"

"काय?"

पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "कारंजं कुठलं?"

तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, एकच गोष्ट किती वेळा सांगायची, तुझं लक्षच नसतं, हे पार्क तुला नको असेल तर तसं सांग, मी एकटी करीन. हे सगळं मी रबर शोधत, दप्तरात तोंड घालून बोलले. रबर सापडलं आणि मी तिचं ते लाकडी घर पुसून टाकलं. तिथे नाला आहे. मी मार्चपासून सांगत होते.

ती म्हणाली, "काय म्हणालीस तू आत्ता?"

"परत नाही सांगणार."

तिने कागदावरच्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं. पेन्सिली गोळा केल्या आणि ती निघून गेली. जिन्यावर माबुची-सान भेटले असावेत, कारण ते वर आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. "तुम्हा दोघींपेक्षा सासू-सुना बऱ्या," ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. "तोमोए, तिच्या घरी जा. समोर बसून बोल. समोर बसून, कळलं?"

मी का जाऊ? गेली ती.

१३ जुलै, शनिवार

पूर्वेची बाजू जवळपास पूर्ण. इतकी स्वच्छ रेघ माझ्या हातून कधी उतरली नव्हती. माबुची-सानने मोठा पाळणा बसवला. मग बराच वेळ नुसते बघत राहिले.

"माणसं?" त्यांनी विचारलं.

"नकोत. माणसांनी रस्ते झाकले जातात."

ते खाली गेले. कोरोक्के आणून ठेवले. खाववले नाहीत.

३ ऑगस्ट, शनिवार

आतषबाजीला गेलो. माबुची-सानने नदीकाठी चटई आधीच टाकून ठेवली होती. मी पोचले तर चिगुसा तिथे बसलेली. त्यांनी मुद्दाम जुळवून आणलं होतं हे उघड होतं. शेंगा उकडून आणल्या होत्या, बिअर होती. आम्ही दोघी शेंगा सोलत राहिलो, म्हणजे बोलावं लागत नाही.

चिगुसा फार मोठ्याने बोलत होती. "काकू, शेंगा मस्त झाल्यात," तर शेजारच्या चटईवरची माणसं वळली. आधीच बिअर घेतली असेल.

मोठे बार सुरू झाले तसे तिने बूट काढले आणि तळवे जमिनीला टेकवले. एक हात छातीवर. प्रत्येक बाराला डोळे मिटायची. लोक आकाशाकडे बघतात, ही डोळे मिटून बसली होती. गाल ओले झाले होते. मला वाटलं, बँडसाठी रडतेय. मलाही भरून आलं.

मग मी ते केलं. सोपं नव्हतं माझ्यासाठी. अंधारात, तिच्याकडे न बघता, पण अगदी शेजारी बसून, स्पष्ट म्हटलं, "चिगुसा, माझं चुकलं. मला माफ कर. पूर्वेची बाजू तुझ्यासाठी मोकळी ठेवलीय, येऊन माणसं काढ."

ती काहीच बोलली नाही. मान नाही, हुंकार नाही. पुढचा बार उडाला, तिने डोळे मिटले.

एवढं कळलं. आता पुन्हा मागणार नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज तो दिवस झाला. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या सगळं एक होऊन जाईल.

दुपारी नकाशा भिंतीवर चढला. आमच्या कल्पनेपेक्षा मोठा दिसला. कार्यक्रमाला आलेली माणसं थांबत होती, फोटो काढत होती. पश्चिमेच्या बाजूपुढे नुसती गर्दी. "हा बघ, हा तू," "ही रांगेत भांडणारी म्हणजे माझी बहीण," असं चाललं होतं. कुणी शोधून शोधून बँडचा ढोलवाला काढला, चिगुसाने त्याला तिकिटाच्या रांगेत शेवटी उभं केलं होतं. मला ते आजपर्यंत दिसलंच नव्हतं.

पूर्वेपुढे कुणी थांबेना. आकिताहून आलेली एक बाई तेवढी उभी राहिली. तिने सगळं नीट पाहिलं, रस्ते, कारंजं, मोठा पाळणा. मग मला अदबीने विचारलं, "माफ करा, या बाजूला पार्क बंद झालंय का?"

मी म्हटलं, "नाही, चालू आहे."

"असं होय," ती म्हणाली. "मला वाटलं, बँड संपल्यानंतरचं दाखवलंय. बघून वाईट वाटलं."

दाराशी माबुची-सान काकूंना घेऊन आले. काकूंच्या हातात चिगुसाचं तिकीट. "तिने मला दिलं," काकू म्हणाल्या. म्हणजे माझ्या शेजारी बसायचं नाही म्हणून तिने शेवटचा कार्यक्रमसुद्धा सोडला. त्या रागात मी आत गेले. तीन तास तो राग उकरत बसले. ओगिनो गात होता आणि मी मनातल्या मनात चिगुसाला सुनवत होते. दिवे लागले तेव्हा सगळं सभागृह रडत होतं आणि मला कळेना, संपलं कधी.

बाहेर येऊन मी माबुची-सानला म्हटलं, "इतका राग धरतं का कुणी? मी माफीसुद्धा मागितली."

"कधी?"

"आतषबाजीच्या वेळी. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं."

माबुची-सान तिथेच थांबले. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. काकूंनी त्यांची बाही ओढली, सांगू नका म्हणून. ते म्हणाले, "नाही, आता बास झालं. तोमोए, तिला ऐकू येत नाही."

१६ सप्टेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही.

उजवा कान मागच्या शरद ऋतूतच गेला होता. डावा या वर्षी जायला लागला. डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं की राहणार नाही, फार तर उन्हाळ्यापर्यंत. माबुची-सानना ठाऊक होतं, कारण इस्पितळात सोबत म्हणून काकू गेल्या होत्या. तिने दोघांकडून वचन घेतलं होतं, तोमोएला सांगायचं नाही. मी सांगेन, माझ्या वेळेने.

मेमध्ये तिला जवळचं, मोठ्या आवाजातलं बऱ्यापैकी ऐकू येत होतं. तो तिचा शेवटचा कार्यक्रम होता, आणि तिला तो माझ्यासोबत हवा होता.

या वहीची मागची पानं उलटायची हिंमत होत नाही. तिथे सगळं माझ्याच अक्षरात आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

तिच्या दारापासून दोनदा परत आले. बेल वाजवून उपयोग काय, असं पहिल्यांदा वाटलं. मग दाबली की घरात दिवा लागतो, तसली बेल बसवलेली दिसली. तरी परत आले.

निरोप लिहिला, "मला कळलं. भेटशील?"

तिचं उत्तर रात्री आलं. "रविवारी क्लास असतो. सहा तारखेला क्लासनंतर ये. सोबा नूडल्स खाऊ."

६ ऑक्टोबर, रविवार

क्लास सार्वजनिक केंद्राच्या वरच्या मजल्यावर होता. दाराच्या काचेतून पाहिलं. सात-आठ माणसं गोल बसली होती, म्हातारीच जास्त, आणि हातांनी बोलायला शिकत होती. चिगुसा एका आजोबांची नक्कल करत होती, बोटं वाकडी करून, आणि सगळे हसत होते. आवाज न करता. तिला बाहेर यायची घाई नव्हती. मला वाटलं होतं, ती माझी वाट बघत असेल.

सोबाच्या दुकानात तिने मला खिडकीसमोर बसवलं. "उजेड तोंडावर हवा," म्हणाली. तिचा आवाज मोठा होता आणि जरासा सपाट. आजूबाजूचे बघायला लागले. तिला कळलं नाही, की कळूनही तिने सोडून दिलं, कोण जाणे.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" सावकाश, तोंड मोठं करून.

"असं तोंड नको करूस, मासा दिसतेस. नेहमीसारखी बोल." मग म्हणाली, "बाकी सगळे माझ्याशी हळू, जपून वागायला लागले होते. तू एकटी भांडत होतीस. मला ते बरं वाटत होतं. म्हटलं, हे जितकं चालेल तितकं चालू दे."

मी माफी मागितली. या वेळी तिच्याकडे बघून. तिने ती वाचली आणि मान हलवली.

"राग नाही माझा," ती म्हणाली. "जूनचाही नाही. तू काय बोललीस ते मला आजपर्यंत माहीत नाही, आणि सांगूही नकोस. पण मेमध्ये तू यायला हवी होतीस. ते मात्र माझ्या मनातून जात नाही. त्याचं काय करायचं, मला कळत नाही."

सोबा आले. आम्ही खाल्ले. मी म्हटलं, नकाशाच्या पूर्वेच्या बाजूला तू माणसं काढशील का? ती म्हणाली, "नाही. आता क्लासच्या लोकांची चित्रं काढते. बँडचं झालं माझं." तुटकपणे नव्हे. जेवण झाल्यावर आणखी हवंय का विचारलं की माणूस नको म्हणतं, तसं म्हणाली.

चहा आला. मग काचेवर रेललेली ती सरळ झाली. "शेवटचा कार्यक्रम कसा झाला? माबुची-काकूंना काही सांगता येत नाही. खूप आवाज होता, एवढंच म्हणतात. तू सांग. पहिल्यापासून."

ती पुढे झुकली आणि माझ्या ओठांकडे बघू लागली.

मी तोंड उघडलं. पहिलं गाणं कुठलं होतं? ओगिनो आला तेव्हा काही बोलला का? त्याने कुठला शर्ट घातला होता? मी तिथे होते, माझे दोन्ही कान शाबूत होते, आणि तीन तासांतलं मला जेमतेम तीन गाण्यांचं आठवत होतं, तेही तुटक.

मी तसं सांगितलं तिला. काही लपवलं नाही. सांगताना मान खाली जात होती, तर तिने हनुवटीला बोट लावून ती वर केली. ओठ दिसायला हवेत म्हणून.

"तीन तर तीन," चिगुसा म्हणाली. "सांग."